सर्वानुमते मंजूर

नत्थूजी बोरघरे आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत. नागपूरच्या हुडकेश्वरात हे त्यांचं कौतुक म्हणून सांगतात आणि सांगणारे खोटं बोलत नाहीत. ते ऑटोवाल्याशी भांडले नाहीत, पुस्तकं नेऊन परत न आणणाऱ्यांशी भांडले नाहीत, काटोलची संत्र्याची बाग एकट्याच्या नावावर करून घेणाऱ्या धाकट्या भावाशीही भांडले नाहीत. माणसानं इतकं चांगलं असू नये. जगाला अशा माणसाची सवय होते, आणि एखाद्या दिवशी त्याच्यावर भांडायची वेळ आलीच तर लोकांना आधी हसू येतं आणि मग राग येतो. नत्थूजींवर ती वेळ वाचनालयामुळं आली.

हुडकेश्वरात तुरीच्या शेतांवर प्लॉट पाडून ले-आऊट होऊ लागले, तेव्हा काटोलकडून शिकायला आलेली दोन पोरं तिथं एका खोलीत भाड्यानं राहत होती. एक नत्थू, दुसरा श्रीधर. श्रीधरचं डोकं चालायचं आणि नत्थूचं अक्षर सुरेख होतं. दोघांनी मिळून ले-आऊटच्या मोकळ्या जागेत टिनाचं शेड टाकलं, एक बाक ठेवला, दोन पेपर लावले आणि वर पाटी रंगवली, लोकोदय सार्वजनिक वाचनालय. पुढं श्रीधर प्लॉटच्या धंद्यात शिरला आणि श्रीधरभाऊ झाला. नत्थू तिथंच बसून राहिला आणि नत्थूजी झाला. शेडच्या जागी विटांची इमारत उभी राहिली, सरकारी मान्यता मिळाली, अनुदान सुरू झालं, म्हणजे त्याला वाटेल तेव्हा ते यायचं. श्रीधरभाऊ अध्यक्ष आणि नत्थूजी ग्रंथपाल. ग्रंथपालाच्या मानधनात संसार होत नाही हे नत्थूजींना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. संसार त्यांच्या बायकोनं, शामलाबाईंनी, शिलाई मशीनवर केला.

वाचनालयात पुस्तकं होती, चांगली होती, पण वाचनालयाचा जीव होता समोरच्या दालनातल्या टेबलात. सकाळी दार उघडलं की नत्थूजी सगळ्या पेपरांची पानं सुटी करून त्या लांबलचक टेबलावर पसरून ठेवत. अख्खा पेपर एकानंच धरून ठेवला तर बाकीच्यांनी काय त्याचं तोंड पाहायचं? ज्याला जे पान हवं ते त्यानं उचलायचं, वाचून झालं की शेजाऱ्याकडं सरकवायचं. सगळ्यांत जुने वाचक म्हणजे दादाजी, गिरणीतून रिटायर झालेले. त्यांना आधी निधनवार्ता लागत. "कोन गेला ते पाहू द्या, मंग देश कुठं चालला ते पाहू," असं ते रोज म्हणत आणि रोज कुणीतरी हसे. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही येऊन बसत, त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाची.

टेबलाला वर्गणी नव्हती. पुस्तक घरी न्यायचं तर सभासद व्हा, पेपर वाचायला कुणी सभासद होऊ नये, हा नत्थूजींचा नियम होता. "बातमीले कायची वर्गणी गा?" ते म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते मनोमन पटे. पुढं याच वाक्यानं घात केला, पण तेव्हा ते फार गोड वाटायचं.

स्वतः नत्थूजी पेपर उलटीकडून वाचत. आधी कोपऱ्यातल्या बारीक टाइपातल्या सरकारी जाहिराती, मग बाकीचं. कुठली मोकळी जागा कुणाला द्यायची, कुठला रस्ता कुठून वळवायचा, असं काही ठरवण्याआधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मागवतातही, पण अशा अक्षरात की चष्मा लावलेल्या माणसालाही वाटावं, टेंडर असेल, आपल्याला काय करायचं! नत्थूजी त्या जाहिरातीभोवती लाल पेन्सिलीनं गोल करत आणि सगळ्यांना समजेल अशा बोलीत सांगत, "हे पाहा, आपल्या मागच्या मैदानावर दुकानं काढून राहिले. ज्याले नको असन त्यानं लिहून द्या. मुदत आहे अजून." मग दोन-चार दिवस टेबलावर पेपर कमी आणि अर्ज जास्त दिसत. ते मैदान वाचलं. आजही तिथं पोरं क्रिकेट खेळतात, आणि हे मैदान एका टेबलानं वाचवलं हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही.

सरिता त्या टेबलावरच घडली. घरोघरी जाऊन पोळ्या करणारी बाई. पहिल्यांदा आली ती अर्ज लिहून घ्यायला. तिच्या गल्लीत नळ बसले होते, पण नळाला पाणी नव्हतं.

"मी नाही लिहून देत बाई," नत्थूजी म्हणाले. "तुम्ही लिहा, मी सांगतो."

"मले नाही जमत जी."

"सातवी झाली ना?"

"झाली, पन त्याले जमाना झाला."

त्या दिवशी तिनं घाम गाळत, खाडाखोड करत चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. पाणी काही लगेच आलं नाही. अर्जामागून अर्ज गेले, गल्लीतल्या बायकांच्या सह्या गेल्या, तेव्हा आलं. पण आपण कागदावर काही लिहितो आणि त्यामुळं कुठंतरी एक व्हॉल्व्ह उघडतो, हे तिनं एकदा पाहिलं आणि तिची चालच बदलली. एका घरच्या पोळ्या झाल्या की दुसऱ्या घरी जाण्याआधी ती रोज टेबलाशी यायची, उभ्यानंच वाचायची, आणि जाताना असा एखादा प्रश्न टाकून जायची की टेबल दिवसभर तोच चघळत बसे. महापालिकेची मुदत संपून गेली होती, निवडणूक होत नव्हती, सगळा कारभार प्रशासकांकडं होता. सरितानं एक दिवस विचारलं, "नगरसेवकच नाही तं मंग आता मी कोनाच्या दारी जाऊ जी?"

दादाजी निधनवार्तेतून डोकं वर काढून म्हणाले, "थांब वं, माही बारी आली की वर जाऊन विचारतो."

टेबल हसलं. सरिता हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मतदारयादी निघाली की नत्थूजी तिची प्रत मिळवून वाचनालयाच्या भिंतीवर लावत, आणि सरिता गल्लीतल्या बायकांना हाताला धरून आणून आपापली नावं शोधायला लावी. ज्यांची नसत त्यांना टेबलाशी बसवून अर्ज भरून घेई. एवढ्या वर्षांत तुम्ही केलं काय, असं कुणी नत्थूजींना विचारलं असतं, तर त्यांनी कपाटातली पुस्तकं दाखवली नसती. सरिताकडं बोट दाखवलं असतं.

नत्थूजींना आणखी एका गोष्टीचा तेवढाच अभिमान होता. लोकोदयमध्ये कधीही मतदान झालं नव्हतं. अगदी सुरुवातीला एकदा कार्यकारिणीसाठी दोन गट समोरासमोर उभे राहायला निघाले होते. ले-आऊटमधल्या बायका एकमेकींच्या घरचं हळदीकुंकू टाळू लागल्या. नत्थूजी घरोघर फिरले, हात जोडले, मिळेल तिथं चहा प्याले आणि एका गटाला माघार घ्यायला लावली. "आपलं नाव खराब होते गा, एकट्या-दुकट्यासाठी कायले बट्टा लावता?" असं ते त्या गटाच्या पुढाऱ्याला म्हणाले होते. निवड अविरोध झाली, सगळे एका पंगतीला जेवले, आणि तो रिवाजच पडला.

वार्षिक सभा जवळ आली की नत्थूजी आधीच सगळ्यांना भेटून येत. कुणाच्या मनात काही असलं तर ते व्हरांड्यात ऐकून घेत, समजूत काढत. सभेत मात्र कुणी बोलायचं नाही. श्रीधरभाऊ ठराव वाचत, "सर्वानुमते?" म्हणून विचारत, लोक "मंजूर, मंजूर" म्हणत, टाळ्या वाजत आणि मागून तर्री-पोह्यांचा वास सुटे. टेबलावरची मंडळीही सभेला येत, मंजूर म्हणत, पोहे खात. कोण सभासद आणि कोण नाही हे पाहायची गरजच कधी पडली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना नत्थूजी छाती पुढं काढून सांगत, "साहेब, आमच्याकडे आजपावेतो एकही मत पडलं नाही." साहेब "वा!" म्हणत.

सकाळी टेबलावर जो माणूस लोकांना हरकत घ्यायला शिकवी, तोच माणूस सभेत हरकत घेणं म्हणजे घर फोडणं असंही शिकवी. दोन्ही गोष्टी तो मनापासून करी. यात काही चुकतंय हे ना त्याला दिसलं ना टेबलावरच्या कुणाला.

मग एका दुपारी श्रीधरभाऊ आले. सोबत त्यांचा मुलगा गौरांग होता, जो शहरात क्लासेस चालवत होता. त्याच्या हातातल्या टॅबवर एक चित्र होतं. दालन हेच होतं, पण ओळखू येत नव्हतं. काचेचं दार, एसी, प्रत्येक खुर्चीला तीन बाजूंनी आडोसा आणि वर एकेक दिवा.

"अभ्यासिका," श्रीधरभाऊ म्हणाले. "स्पर्धा परीक्षावाले पोरं महिन्याची फी देऊन बसतीन. साऱ्या नागपुरात हेच चालून राहिलं नत्थू."

"अन् टेबल?"

"कोन्तं टेबल?"

"पेपरचं गा."

"पेपर आता मोबाइलवर येतो काका," गौरांग म्हणाला. उद्धटपणे नाही, लहान मुलाला समजावतात तसा.

"हे जे लोक येतेत, त्यायच्या मोबाइलवर येते का?"

यावर गौरांगनं टॅबवरचं पुढचं चित्र काढलं. श्रीधरभाऊंनी नत्थूजींच्या खांद्यावर हात ठेवला. "अनुदान किती अडकते ते तुले माहीत आहे. लाइटचं बिल कोन भरते? मी भरतो. किती दिवस भरू सांग? अन् मी माह्या मनानं नाही करून राहिलो, लोकायचीच मागणी आहे. घरोघरी एखादं पोरगं एमपीएससी करून राहिलं, घरात बसाले जागा नाही त्यायले. पुस्तकं राहतीन, मागच्या खोलीत. सभेत ठेवू. सर्वानुमते होऊन जाईन."

श्रीधरभाऊ खोटं बोलत नव्हते, हीच मोठी पंचाईत होती. बिल ते भरत होते. पोरांना जागा हवी होती. लोकांची मागणीही होती. लबाड माणसाशी भांडायला निदान राग तरी सोबतीला असतो, नत्थूजींजवळ तोही नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की दार काचेचं झालं, ते फी भरणाऱ्यापुरतंच उघडू लागलं, की सरिता त्या दारातून आत येणार नाही. दादाजी येणार नाहीत. बारीक टाइपातली जाहिरात कुणी वाचून दाखवणार नाही, आणि उद्या एखादं मैदान जाईल तेव्हा ते गेल्याचंही कुणाला कळणार नाही.

संध्याकाळी जेवताना ते बायकोला म्हणाले, "मी विरोध करतो."

"कोन, तुम्ही?" शामलाबाईंना हसू फुटलं. मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. "जमन का जी तुमाले?"

"शिकीन."

"आता? पयले काहून नाही शिकले मंग?" भाजी वाढत त्या म्हणाल्या, "श्रीधरभाऊच्या डोळ्यात पाहून बोलजा. खाली पाहून बोलसान तं झालं तुमचं."

नत्थूजी पुन्हा एकदा घरोघर फिरले. मागं फिरले होते ते लोकांनी भांडू नये म्हणून, आता फिरले ते भांडावं म्हणून. त्यांनी संस्थेची घटना काढून वाचली. कोणत्याही सभासदाला हात वर करून मतदान मागण्याचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हे त्यांनी व्हरांड्यात, ओट्यावर, किराणा दुकानासमोर सगळ्यांना समजावून सांगितलं. आणि सगळे हो म्हणाले. नत्थूजींना नाही कोण म्हणणार? "बराबर आहे जी तुमचं," लोक म्हणाले, चहा टाकला, टेबल राहिलंच पाहिजे म्हणाले. इमारतीच्या वेळी गिरणीतून मिळालेल्या पैशांतून देणगी देऊन आजीव सभासद झालेले दादाजी तर छाती ठोकून म्हणाले, "पयला हात माहा. पाहून घेजा."

"आमी साऱ्या जनी येतो," सरिता म्हणाली. "हातच वर कराचा आहे ना?"

"हो. बस, तेवढंच."

तेवढंच नव्हतं. पण मत कधी पडलंच नसल्यामुळं कुणाचा हात मोजला जातो आणि कुणाचा नाही, हे नत्थूजींच्या ध्यानातच आलं नाही. घटनेतलं सभासद हे चार अक्षरी पद त्यांनी स्वतःच्या तोंडानं किती जणांना वाचून दाखवलं, आणि तरी आलं नाही.

सभेच्या दिवशी दालन भरून गेलं. फी भरू शकणारी पोरं ज्यांच्या घरात होती असे कितीतरी सभासद, जे वर्षभरात वाचनालयाची पायरी चढले नव्हते, ते इस्त्रीचे कपडे घालून आले होते. टेबल भिंतीला सरकवून त्यावर पोह्यांची पातेली ठेवली होती. दारापाशी सरिता आणि तिच्या गल्लीतल्या बायका उभ्या होत्या.

श्रीधरभाऊंनी सभा सुरू केली ती सत्कारानं. नत्थूजींना काहीच कल्पना नव्हती. त्यांना वर बोलावलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. श्रीधरभाऊ माइकवर बोलले आणि फार चांगलं बोलले. टिनाच्या शेडबद्दल बोलले, एका खोलीत दोघांनी एकाच चादरीखाली काढलेल्या हिवाळ्याबद्दल बोलले. "या मानसानं या संस्थेत एकही मत पडू देल्लं नाही," ते म्हणाले. तेही मनापासून. टाळ्या थांबेनात. नत्थूजींचे डोळे भरून आले. भरून यायलाच पाहिजेत. असं कौतुक त्यांचं कुणी कधी केलं नव्हतं.

मग अभ्यासिकेचा ठराव वाचला गेला. श्रीधरभाऊंनी सवयीनं विचारलं, "सर्वानुमते?"

लोकांनी मंजूर म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात नत्थूजी उभे राहिले. नारळ त्यांनी खुर्चीवर ठेवला, तो गडगडत खाली गेला. कुणीतरी हसलं.

"माही हरकत आहे," ते म्हणाले. त्यांनी श्रीधरभाऊंच्या डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून ते माइककडं पाहून बोलले. "हे दालन, म्हणजे हे टेबल, लोकं इथं फुकट येऊन बसतेत, तं ते फुकटच राहिलं पाहिजे. पोरायसाठी मागची खोली घ्या. मले मतदान पाहिजे. घटनेत आहे."

ठरावाबद्दल कुणाला काही वाटलं की नाही देव जाणे, पण मतदान हा शब्द ऐकून सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. लग्नाच्या मांडवात कुणी मोठ्यानं शिवी द्यावी तसे लोक एकमेकांकडं पाहू लागले. "आजच्या दिवशी नत्थूजी?" मागून एकजण म्हणाला. "आत्ताच शाल घेतली ना तुम्ही!"

श्रीधरभाऊ शांत होते. "घेऊ ना," ते म्हणाले. "हक्क आहे त्याचा. ज्यायची या ठरावाले हरकत आहे, त्यानं हात वर करा."

दारापाशी सरिताचा हात वर गेला. तिच्या मागून बायकांचे हात गेले, बांगड्या वाजल्या. टेबलावरच्या मंडळींचे हात गेले. पाहता पाहता दाराकडची सगळी बाजू हातांनी भरली, आणि नत्थूजींना क्षणभर वाटलं की झालं, टेबल राहिलं, हे इतकं सोपं होतं आणि आपण उगाच जन्मभर घाबरत आलो.

"सभासदांनीच हात वर करायचा बाई," गौरांग म्हणाला. "तुम्ही सभासद आहात का?"

"मी रोज येते इथं," सरिता म्हणाली.

"रोज येता ते चांगलंच आहे. सभासद आहात का?"

सरितानं नत्थूजींकडं पाहिलं. सभासद व्हायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट, होऊ नका, असं सांगितलं होतं, आणि सांगणारा समोर शाल पांघरून उभा होता. नत्थूजींना ती बातमीची वर्गणी आठवली. हात एकेक करून खाली आले. सरिताचा सगळ्यांत शेवटी आला.

आता वर राहिला तो नत्थूजींचा एकट्याचा. शाल एका खांद्यावरून घसरून लोंबत होती. त्यांनी दादाजींकडं पाहिलं. दादाजी पायाच्या अंगठ्याकडं पाहत होते. ते हळूच म्हणाले, "बसा ना गा नत्थूजी. इतक्या वर्षाचं नाव आहे आपलं. एकट्या-दुकट्यासाठी कायले बट्टा लावता?"

ते वाक्य कुठून आलं हे नत्थूजींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

श्रीधरभाऊ खाली उतरले, नत्थूजींच्या जवळ आले, घसरलेली शाल त्यांनी नीट केली. माइकपासून दूर, अगदी जुन्या खोलीतल्या आवाजात म्हणाले, "नत्थू, तुह्या एका मतानं काही ठराव अडत नाही. मंग आपलं इतक्या सालचं कायले खराब करतो? पेपरचा एक स्टँड व्हरांड्यात ठेवू. माहा शब्द आहे."

नत्थूजींचा हात अजून वरच होता. सगळं दालन त्यांच्याकडं पाहत होतं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, विनवणी होती. संपवा आता, पोहे थंड होत आहेत. त्यांनी स्वतःच्या आत भांडण शोधलं. तिथं ते नव्हतं. तिथं त्यांनी कधी ठेवलंच नव्हतं, तर मिळणार कुठून? सरिताकडं पाहायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी हात खाली घेतला.

"सर्वानुमते?" श्रीधरभाऊंनी विचारलं.

"मंजूर, मंजूर," लोक म्हणाले आणि मोकळा श्वास सोडून जोरात टाळ्या वाजवल्या. सत्काराच्या वेळी वाजल्या त्याहूनही जोरात.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. दार काचेचं झालं. स्टँड व्हरांड्यात आला, श्रीधरभाऊंनी शब्द पाळला. पण व्हरांड्यात खुर्ची नव्हती, पेपर वाऱ्यानं उडत, पावसात भिजत. दोन पेपरांचा एक झाला, आणि मग तोही कुणीतरी बंद केला. टेबल भंगारात गेलं. नत्थूजींना मानद सल्लागार केलं आणि सल्ला कुणी मागितला नाही. आत आता पोरं रांगेनं बसून नागरिकांचे हक्क पाठ करतात. बोलायला बंदी आहे, तशी पाटीच आहे. पोरं बिचारी गुणी आहेत, त्यांचा काही दोष नाही. दादाजी घराबाहेर पडत नाहीत. सरिता त्या दिवसानंतर दिसली नाही.

मग इतक्या वर्षांनी महापालिकेची निवडणूक येणार अशी बातमी आली, आणि मतदारयाद्या निघाल्या. नत्थूजींना जरा तरतरी आली. हे काम काचेच्या दाराशिवायही करता येतं, असं त्यांना वाटलं. सरितानं खोली बदलल्याचं त्यांच्या कानावर होतं, म्हणजे तिचं नाव जुन्या पत्त्यावर दुसऱ्याच प्रभागात पडलं असणार. अर्ज दिला तर होण्यासारखं होतं. त्यांनी यादी पाहून खात्री करून घेतली आणि तिचं घर विचारत विचारत ते दुपारी तिच्या दारात उभे राहिले. ती चुलीपाशी घरच्याच पोळ्या करत होती.

"सरिताबाई, यादी लागली. तुमचं नाव जुन्याच घरावर आहे. चला, अर्ज लिहू. मुदत आहे अजून."

"राहू द्या जी."

"राहू द्या कसं? इतक्या वर्षानं निवडनूक येऊन राहिली."

"येऊ द्या," ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली.

"काहून असं म्हनता? तुमच्या जुन्या गल्लीतल्या बायायचे नावंही पाहा लागतीन. तुमच्याशिवाय त्या येनार नाही."

"मी नाही आनत आता कोनाले." तिनं पोळी तव्यावर टाकली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसापुढं हात कसे जोडायचे हे नत्थूजींना चांगलं येत होतं. "मी हात वर केला होता जी. त्यायनं मले खाली कराले लावला. मी सभासद नव्हती, समजलं मले, त्याचं काही नाही. पन तुमी तं होते. तुमचा हात तं कोनी धरला नव्हता."

श्रीधर काय म्हणाला, दादाजी काय म्हणाले, एका मतानं काही अडणार नव्हतं, हे सगळं नत्थूजींच्या जिभेवर आलं. एका मतानं काही अडत नाही, हे आता या बाईला सांगायचं?

सरितानं पोळी उलटली, फुगू दिली, ताटलीत काढली आणि ताटली त्यांच्यापुढं सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "उन्हाचे आले. गरम पोळी खाऊन जा."

नत्थूजी बसले. नाही म्हणणं त्यांना आजही जमलं नाही.